साल, मक्ता, बटई, चराई

शाळा उघडायच्या तोंडावर उमरेड रस्त्यावरच्या एका गावात सेतू केंद्रापुढे रांग होती. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी पडलेली कागदं. पंखा होता, पण त्याचा वारा संगणकालाच. मुलीच्या दाखल्यासाठी आलेल्या एका बाईला आतला पोरगा मान वर न करता विचारत होता, "व्यवसाय काय लिवू काकू?" "वावर करतो न बापू." "सातबारा हाय?" "सातबारा मालकाचा. आमी पाच एकर मक्त्यानं करतो." "मंग मजुरी टाकतो." बाई जराशी थांबली. म्हणाली, "टाक." आणि गाडी पुढच्या रकान्याकडे गेली.

पोरगा चुकला असं म्हणवत नाही. त्याच्यापुढच्या यादीत जेवढे पर्याय होते, त्यातलाच एक त्याने निवडला. पण मक्त्याने, म्हणजे मालकाला ठरलेले पैसे देऊन, वावर करणारीचं वर्ष कसं जातं ते पाहिलं की हा शब्द घशात अडकतो. पऱ्हाटी उपटून झाली की मालकाला पैसे मोजायचे. रोहिण्यांत कृषी केंद्रातून सरकीची पाकिटं उधारीवर आणायची. निंदणाला बाया सांगायच्या, बाजाराच्या दिवशी त्यांची हजेरी चुकती करायची. गावात मजुरीचे पैसे हिच्या हातून दुसऱ्यांकडे जातात, आणि दाखल्यावर हीच मजूर.

नागपूरकडे 'शेतकरी' हा शब्द मंचावरचा आणि वर्तमानपत्रातला. पानठेल्यावर, एसटीत, कळमन्याच्या अडतीवर माणूस स्वतःला कास्तकार म्हणतो. त्याच्या शेताला वावर म्हणतात, धानाचं असेल तर बांधी. कास्तकार म्हणजे निव्वळ जमीनमालक नव्हे. मृग कोरडा गेला तर ज्याच्या घरात दुबार पेरणीची चर्चा रात्री दीडपर्यंत चालते, तो कास्तकार. त्याच्या अवतीभवतीची नावं मात्र बहुतेक कामावरून पडलेली नाहीत, करारावरून पडलेली आहेत. सालदार, महिनदार, रोजवाली, मक्तेदार, बटईदार, गायकी (म्हणजे गावची ढोरं राखणारा). यातलं कुठलंही नाव कानावर पडलं की पैसे कोण कोणाला देणार, कधी देणार, रोख की धान्यात, आणि पाऊस दगा देईल तेव्हा बुडणार कोण, हे गावच्या माणसाला न विचारता कळतं. कचेरीच्या कागदाला एवढं सगळं नको असतं. त्याला हवं असतं सातबाऱ्यावरचं नाव.

मक्ता आणि बटई शहरातली माणसं एकाच पोत्यात घालतात, पण त्यांच्यात मोठं अंतर आहे. मक्त्यात एकराचा आकडा ठरतो आणि बहुतेक ठिकाणी रक्कम पेरणीआधी, निदान अर्धी तरी, मालकाच्या हातात पडते. त्यानंतर गारपीट होवो की गुलाबी बोंडअळी येवो, मालकाचं काही अडत नाही. बटईत बियाणं आणि खत निम्मं-निम्मं, राबणूक बटईदाराची, माल निम्मा-निम्मा. म्हणजे पाऊसही निम्मा-निम्मा. म्हणून विहीर असलेल्या काळ्या जमिनीचा मालक मक्ता मागतो आणि मुरमाड, बेभरवशाच्या तुकड्याला माणूस बटई बरी म्हणतो. बटईतली भांडणं पिकाच्या भावावरून होत नाहीत, ठरवायचं राहून गेलेल्या बारक्या गोष्टींवरून होतात. कापसाच्या वेचणीचे पैसे वाटणीआधी वजा करायचे की बटईदाराच्या हिश्शातून? थ्रेशरवाल्याची मजुरी कोणाची? सोयाबीनचं कुटार कोणाच्या गोठ्यात जाणार? बोलणीच्या दिवशी कुटाराचा विषय कोणी काढत नाही, आणि चैत्रात वैरण संपली की पहिला अबोला त्याच्यावरूनच सुरू होतो.

हे सगळं तोंडी असतं. कागद करायला मालक घाबरतो, आणि त्याच्या भीतीला इतिहास आहे. विदर्भात १९५८ चा कुळवहिवाटीचा कायदा आला तेव्हा कसणाऱ्याच्या नावे जमिनी झाल्या, आणि 'कूळ लागलं' ही गोष्ट मालकांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. वहिवाटीला नाव लागू नये म्हणून आजही दोन हंगामांनी मक्तेदार बदलतात, नाहीतर त्याच माणसाला दुसरा तुकडा देतात. गारपिटीची मदत सातबाऱ्यावरच्या खात्यात जाते. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपयेही तिकडेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत मोबाइल धरून बांधावर उभा राहणारा मक्तेदार असला तरी पीक चढतं खातेदाराच्या नावावर. हमीभावाने कापूस द्यायचा तर मालकाचा उतारा आणि मालकाचं बँक खाते. मालक चांगला असेल तर तो पैसे काढून आणून देतो, नसेल तर गावातल्या व्यापाऱ्याला कमी भावात द्यायचा. भाडेपट्ट्याचा कागद असेल तर पीकविमा कुळालाही काढता येतो. पण मुळात कागदच होत नाही.

याचा फटका मातीलाही बसतो.

कोरडवाहू कपाशीला हेक्टरी पाच टन शेणखत सांगतात. बैलबंडीच्या दहा-बारा खेपा होतात. शेणखतातलं नत्र पहिल्या वर्षी निम्मंही पिकाला मिळत नाही. उरलेलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुटत राहतं. आता पुढच्या पाडव्याला हे वावर आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसलेल्या माणसाने दहा खेपा का टाकाव्यात? तो युरियाच्या गोण्या टाकतो, ज्याचा हिशेब याच हंगामात चुकता होतो. बांध फुटला तर दगड-काडी लावून वेळ मारून नेतो. मालक नागपुरात, तो दिवाळीला कारने येऊन वावर बघतो आणि म्हणतो, जमिनीची पहिल्यासारखी ताकद राहिली नाही.

ज्याचं वावर स्वतःचं तो मात्र धनगराला बोलावतो. उन्हाळ्यात रिकाम्या वावरात मेंढ्या बसवणं हा एक जुना व्यवहार, रात्रीच्या हिशेबाने, रोख किंवा ज्वारी-गव्हात. कळप वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत बसतो, आणि वाघूर रोज रात्री सरकवत न्यायची असते. इथेच कास्तकार फसतो. कळप दोन रात्री एकाच जागी बसला तर तिथे पीक माजतं, पानं काळीभोर होतात, फुलं उशिरा धरतात, आणि शेजारचा पट्टा पिवळाच राहतो. सगळ्या एकरात सारखं खत हवं असेल तर संध्याकाळी स्वतः जाऊन कालची लेंडी कुठपर्यंत आहे ते पाहून पुढची खुंटी ठोकून घ्यावी लागते. कळप हलला की लवकर वखर फिरवायचा, कारण लेंडीपेक्षा मुताची ताकद जास्त आणि उन्हात ती लगेच उडून जाते. नाकाला चरचरणारा तो वास म्हणजे उडून चाललेलं खतच. धनगराला हे सगळं ठाऊक असतं, पण पैसे रात्रीचे असतात, वखराचे नसतात.

सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, हा शब्द आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच जास्त ऐकू येतो. पाडवा ते पाडवा साल. बोलणीत रोख रक्कम, वर्षाचं धान्य, कपड्याचे जोड, वहाणा, एखादं पांघरूण, आणि आधी घ्यायची उचल. दिवस गोठ्यातलं शेण काढण्यापासून सुरू व्हायचा आणि ओलिताचे दिवस असले तर रात्रीच्या लाइटीवर संपायचा. डुकरं आणि रोही (नीलगाय) यांची जागल वेगळी. उचल कधी फिटली नाही की पुढचं साल बोलणी न होताच चढायचं, आणि असली सालं बापाकडून मुलाकडे जायची. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. सालदारी सगळी वेठबिगारी नव्हती, पण दोन्हींच्या मधली रेघ उचलीच्या वहीत असायची आणि वही मालकाच्या कपाटात. त्यामुळे 'जुन्या काळी सालदार घरच्यासारखा असायचा' हे वाक्य नेहमी मालकाच्याच घरातून ऐकू येतं, यात नवल नाही.

तरीही सालदाराच्या हातात जे होतं ते गेलं, हेही खरं. तिफन धरणाऱ्याचा मान वेगळा. तिफनीला तीन फण, वर एक चाडं, चाड्यातून तीन नळ्यांतून बी खाली. सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरवर पडलं पाहिजे. दांडीवर अंमळ जास्त भार दिला आणि पाच-सहावर गेलं की त्या पातळ सालीच्या बियाचा कोंब वर येता येता मोडतो. वरून जोराचा पाऊस होऊन पापुद्रा धरला तर मग काही खरं नाही. काळ्या जमिनीत वाफसा यायच्या आधी घाई केली की नळीत चिखल चोंदतो. मूठ चाड्यावर चालूच असते, बैल चालूच असतात, आणि एका ओळीत बीच पडत नाही. आठ दिवसांनी हिरव्या रेघांमध्ये एक लांबलचक उघडी रेघ दिसते. तिफन कोणाच्या हातात होती ते मग सगळ्या गावाला कळतं. तुरीची ओळ मोघणारी बाई मागून चालत असते. तिची मूठ सैल झाली तर तूर दाट, आणि दाट तूर काडी धरते, शेंग धरत नाही. तिच्या या कामाला हात लागतो पण हुद्दा नाही. तिला 'रोजवाली'च म्हणतात.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकतात, गरम पाणी, हळद-तूप, पळसाची पानं, आणि बैलाच्या कानाशी "आज आवतन घे, उद्या जेवाले ये". दुसऱ्या दिवशी बैल घरोघरी फिरवणाऱ्याला बोजारा, म्हणजे बक्षिसी, मिळायचा. आता नागपुरातल्या पोरांना बोजारा माहीत आहे तो तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल फिरवल्यावर मिळणारा. खऱ्या बैलामागे जाणारा माणूस त्या शब्दातून निघून गेला आहे.

गायकीचं तर सगळं कामच दिसेनासं झालं. सकाळी धारा आटोपल्या की घरोघरची ढोरं आखरावर यायची आणि गायकी ती ई-क्लासच्या (सरकारी चराऊ) पडीत किंवा झुडपी जंगलात न्यायचा. मोबदला ढोरामागे, धान्यात किंवा महिन्याच्या चराईने. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काठी घेऊन झाडाखाली बसायचं काम. पण कुठली गाय माजावर आली हे मालकाआधी त्याला कळायचं; त्याने संध्याकाळी सांगितलं नाही तर मालकाचे एकवीस दिवस फुकट जायचे. पाऊस लांबल्यावर खुरटलेली ज्वारी, किंवा कापणीनंतर बुडख्यातून आलेले कोवळे फुटवे, हे तर मरण. त्यात हायड्रोसायनिक आम्ल असतं, किराळ लागते, ढोर थरथरतं, धापा टाकतं आणि डॉक्टर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन घेऊन येईपर्यंत पुष्कळदा हातचं जातं. फुलोऱ्यावर आलेल्या ज्वारीचा एवढा धोका नसतो. म्हणून गायकी कळप वळवताना कुठल्या धुऱ्याने न्यायचा याचा नकाशा मनात ठेवायचा आणि पावसाप्रमाणे दर आठवड्याला तो बदलायचा.

मग ज्वारी गेली, तिच्या जागी सोयाबीन आलं. ज्वारीबरोबर कडबा गेला. कुटारावर बैलजोडी वर्षभर निघत नाही. ट्रॅक्टर आला, जोड्या विकल्या गेल्या. २०१५ पासून बैलही कत्तलबंदीत आले, तेव्हा म्हाताऱ्या बैलाला बाजारात किंमत राहिली नाही आणि नवा बैल घ्यायचं धाडस आणखी कमी झालं. ई-क्लासवर कुठे अतिक्रमण, कुठे सरकारी इमारत. उरलेली चार-दोन ढोरं ज्याने त्याने दाव्याला बांधली. ज्या गावात दोन-दोन आखरं होती तिथे आखराच्या जागी आज समाजमंदिर किंवा पाण्याची टाकी उभी आहे, आणि चराई म्हणजे काय हे नव्या सुनेला सांगावं लागतं.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी जमात म्हणजे गोवारी. दिवाळीत गायगोधनाला ढाल घेऊन डफ वाजवत निघणारे. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर त्यांचा मोर्चा आला आणि सीताबर्डीत चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, बहुतेक बाया आणि लेकरं. मागणी अनुसूचित जमातीच्या यादीची होती, आणि सगळा वाद यादीतल्या 'गोंड गोवारी' या दोन शब्दांभोवती होता: ही एकच जमात, की त्यात गोवारीही आले? उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गोंड गोवारी वेगळे, गोवारी वेगळे, आणि यादीत बदल करणं कोर्टाचं काम नाही. धनगरांचा वाद तर एका अक्षराचा. यादीत 'धनगड', गावात धनगर. र की ड, यावर वर्षानुवर्षं आंदोलनं झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. धनगर भटक्या जमाती 'क'मध्ये, ३.५ टक्क्यांत राहिले. कायद्याच्या बाजूने दोन्ही निकालांना कारणं आहेत. तरी महाराष्ट्रात ढोरं राखणारे आणि मेंढ्या राखणारे, दोघांचंही भांडण शेवटी कागदावरच्या स्पेलिंगपाशी येऊन अडावं, हा योगायोग मला काही केल्या सोडत नाही. गोवारी शहीद उड्डाणपुलावरून रोज एवढी वाहनं जातात. नावाच्या पाटीवरच्या 'गोवारी' या शब्दाचं काम काय होतं, हे विचारलं तर किती जण सांगतील कोण जाणे.

गवळ्याचं त्या मानाने बरं झालं. वर्धा-आर्वीकडचे नंदगवळी पांढऱ्या, हलक्या चालीच्या गवळाऊ गाई राखत आले, आणि तलवारीसारख्या लांब शिंगांची नागपुरी म्हैस इथल्या उन्हात टिकते ती दुसरी कुठली टिकत नाही. दूध कमी, पण फॅट सातच्या वर. आता मापाबरोबर संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) मोजतात, गाईला ३.५ आणि ८.५, म्हशीला ६ आणि ९ धरून दर. रतीब घालणारा गवळी पावतीवर 'दूध उत्पादक' झाला. शब्द लांबला, पण निदान त्याच्या नावाची पावती तरी निघते. जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा दिला. वीजदर, ग्रामपंचायतीचा कर, कर्जावरचं व्याज, यांत सवलत. शेड असेल, मीटर असेल, तर उपयोग. दुसऱ्यांची बारा ढोरं चारणाऱ्याकडे दोन्ही नाही.

गंमत अशी की व्यापक व्याख्या सरकारकडेच पडून आहे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी या शब्दात जमीनवाल्याबरोबर शेतमजूर, बटईदार, कूळ, कोंबड्या आणि जनावरं पाळणारे, मासेमार, मधमाश्या पाळणारे, मेंढपाळ, रानातून मोहफूल-तेंदू गोळा करणारे, सगळ्यांना घेतलं. ते धोरण कपाटात आहे. प्रत्यक्षात आलेला फार्मर आयडी आधार आणि सातबारा जोडून निघतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर मिळणारी १ लाखाची मदतही 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवताना कुटुंबाच्या नावावरची जमीन पाहते. मक्त्याच्या वावरात कर्जबाजारी झालेला माणूस त्या फायलीत शेतकरी म्हणून मरतसुद्धा नाही.

जनगणनेचं मात्र वेगळं आहे, आणि हे गावोगावच्या मक्तेदारांना कोणी नीट सांगत नाही. २००१ मध्ये देशात १२.७३ कोटी कास्तकार आणि १०.६८ कोटी शेतमजूर होते. २०११ मध्ये ११.८८ आणि १४.४३. मजुरांचा आकडा कास्तकारांच्या वर गेला तो तेव्हा. पण जनगणनेत कास्तकाराची व्याख्या सातबाऱ्यावर नाही. पैसे, धान्य किंवा हिस्सा देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा तिथे कास्तकारच. जमीन देऊन टाकून लक्षही न घालणारा मालक नाही. दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाणारा तेवढा शेतमजूर. म्हणजे सेतूवर मजूर ठरलेली बाई तिथे कास्तकार ठरते, फक्त तिने तसं सांगायला हवं. गणक दारात उभा राहून "काय काम करता?" विचारतो तेव्हा दाखल्यावरचा शब्दच तोंडी येतो, कारण तो एकदा छापून मिळालेला असतो. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हा मजुरी न म्हणता "पाच एकर मक्त्यानं वाहतो" असं पुरतं वाक्य सांगायचं, मक्ता पैशाने की हिश्शाने तेही सांगायचं, आणि घरातली बाई वावरात पेरते, निंदते, वेचते, ढोरांचं करते तर तिच्या नावापुढे 'घरकाम' लिहू द्यायचं नाही. गणकाने सातबारा मागितला तर त्याला सांगायचं की या प्रश्नाला सातबारा लागत नाही.